यंत्र चालू, लाइन बंद

दर्यापूर तालुक्यात ज्याच्या घरी म्हणून फोन होता, त्या प्रत्येक माणसाच्या कानात आमच्या चाचांनी एकदा तरी फुंकर मारलेली आहे. तहसीलदारांच्या कानात मारली आहे, कापसाच्या जिनिंगच्या मालकाच्या मारली आहे, आणि नवरी बघायला आलेल्या पाहुण्यांचा फोन जोडून देताना मुलाच्या आईच्याही मारली आहे. फोन दुरुस्त झाला की 'हॅलो, हॅलो' करून खात्री करून घेणं त्यांना हलक्या कामाचं लक्षण वाटे. ते रिसीव्हर तोंडाशी धरून एक लांब फुंकर मारत आणि पलीकडचा माणूस दचकला की समाधानाने मान हलवत. "आवाज कोनाचाबी पोचते, सर," ते मला म्हणाले होते. "श्वास पोचला पायजे. तवा लाइन साफ समजाची." निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नाही. कुठलीही नवी वस्तू हातात आली की तिच्यात ते आधी फुंकर मारत. एका लग्नात माइक त्यांच्या हाती गेला आणि सगळा मांडव पाठीवर थाप बसल्यासारखा ताठ झाला.

चाचा माझ्या नात्यातले नव्हेत. मी अमरावतीचा. दर्यापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहत होतो. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. सगळं गाव त्यांना चाचा आणि त्यांच्या बायकोला चाची म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला जगातली सगळी यंत्रं दुरुस्त करता येतात, असा त्या गल्लीचा समज होता. तो खोडून काढायचं मी मनावर घेतलं नाही, कारण त्या समजापायी मला रोज संध्याकाळी समोरच्या घरून चहा येत असे.

चाचांचं जग खांबांचं होतं. अंतर ते खांबांत सांगत. किराणा दुकान चार खांब, मशीद सात खांब, माझं कॉलेज एकवीस खांब आणि पुढे एक तिरपा. कधीतरी सगळ्या कुटुंबाला घेऊन ते चिखलदऱ्याला गेले होते. परत आल्यावर त्यांना घाटातले खांब अचूक सांगता येत होते, पण दरी कशी होती हे चाचींनाच विचारावं लागे. खिशात कायम पक्कड. कुणाच्या मयताला गेले तरी मयताच्या घरातली लोंबती वायर ते आधी नीट करत आणि मग खाली मान घालून बसत.

त्यांच्या नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं मात्र फोन जोडण्यात गेली नाहीत, कापण्यात गेली. कापसाची वर्षं एकामागून एक वाईट जात होती आणि ज्या खेड्यांत चाचांनी हौसेने तारा ओढल्या होत्या, तिथल्याच तारा काढायला खातं त्यांना पाठवत होतं. चाचा त्या घरी जाऊन आधी पाणी मागत. मग म्हणत, "मी खांबावर चढतो. उतरेपर्यंत कोनाले लावाचा असन त लावून घ्या." आणि वर चढून घराकडे पाठ करून बसत. एका म्हातारीचं नागपूरच्या लेकीशी बोलणं संपेना, तेव्हा ते तासभर खांबावर बसून राहिले. गावाला वाटलं, चाचाला चढता आलं पण आता उतरता येत नाही, म्हणून दोघं जण शिडी घेऊन धावले. खाली आल्यावर ते खात्याच्या वहीत नोंद करत. प्रत्येक घराची नोंद एकच: 'यंत्र चालू. लाइन बंद.' बाकीचे लाइनमन नुसतं 'कापला' लिहीत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "यंत्राचा त्यात काई दोष नाई, सर. हे लिहून ठेवा लागते."

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्याच्यातच आहे. तीस वर्षं त्यांच्या कानावर तारांमधून तालुक्याची सगळी भांडणं, सोयरिकी आणि आजारपणं पडली होती, पण त्यातला एक शब्द त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. "लाइनमन बातमी सांगत नाई. लाइन जोडून देते." गावात याबद्दल त्यांचा मान होता. घरात मात्र याच नियमाने चाचींचा जीव मेटाकुटीला आला होता.

चाचींना एका तापानंतर ऐकू येईनासं झालं होतं. बोलत त्या पहिल्यासारख्याच, फक्त जरा मोठ्याने. त्यांना काही सांगायचं असलं की चाचा शाळेच्या पाटीवर लिहून दाखवत. चाचींची मराठी शाळा सातवीपर्यंत झालेली, वाचायची मनापासून आवड. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन मस्कतला गेली होती आणि त्या वर्षी तिला दिवस होते. दर शुक्रवारी तिचा फोन येई. चाचा पाव तास रिसीव्हर कानाला लावून उभे राहत, "हं, हं" करत, शेवटी एक फुंकर मारून फोन ठेवत आणि पाटीवर लिहीत: 'फोन आला. तब्येत ठीक. जावई ठीक.' ही त्यांची जन्माची वहीतली भाषा. चाची पाटी बघून म्हणत, "पाव घंटा बोलली ते. अन् मले तीन ओयी?" चाचा पाटीकडे पुन्हा बघत, काही राहिलंय का याचा खरोखर विचार करत आणि खाली लिहीत: 'लाइन साफ होती.'

टपालाने पत्र यायला तीन-तीन आठवडे लागत, काही येतच नसत. तेव्हा लेकीनेच तोड काढली. ती कागदावर हाताने पत्र लिहिणार, जावई ऑफिसच्या यंत्रावर त्याचा फोटो काढून ईमेलने पाठवणार आणि चाची तिचं अक्षर तिच्याच शब्दांत वाचणार. दर्यापुरात इंटरनेटचं एक दुकान होतं, पण चाचींनी साफ सांगितलं की लेकीचं पत्र मी चार लोकांच्या घोळक्यात वाचणार नाही. मी तिथून छापून आणून देतो म्हणालो, तर चाचांचा नियम आडवा आला: दुसऱ्याचं पत्र तिसऱ्याने उघडायचं नाही. थोडक्यात, संगणक घ्यावाच लागला.

संगणक अमरावतीहून आला. दुकानदाराने त्यावर नेहमीची सिस्टिम टाकून देतो म्हणून बिनानावाची एक चकती बाहेर काढली. चाचांनी विचारलं, याची पावती? दुकानदार हसला, म्हणाला सगळ्यांना हीच टाकतो. चाचांनी संगणक कोराच उचलला. "तीस वर्स म्या लोकाईचे चोरून जोडलेले फोन कापले, सर. आता मीच चोरून जोडू काय?" मी गंमत म्हणून सांगितलं की लिनक्स नावाची एक सिस्टिम आहे, कुणीही घ्यावी, कुणालाही वाटावी, आमच्या कॉलेजच्या वाचनालयात मासिकासोबत तिची चकती आलेली आहे. गंमत माझ्याच अंगाशी आली. चाचा म्हणाले, "हे बेस हाय. पंचायतीच्या विहिरीवानी." दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीला घरी जाणार होतो, तो समोरच्या घरात अडकलो.

सिस्टिम टाकताना एक टप्पा येतो. संगणक स्वतःच चाचपून बघतो की आपल्याला काय काय जोडलेलं आहे. प्रत्येक तारेवर हाक मारतो, पलीकडून ओ आली की त्या वस्तूचं नाव लिहून घेतो. त्याला कीबोर्ड सापडला, माउस सापडला, पडदा सापडला. मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट आणणारं ते यंत्र, सापडलं नाही. मी पुस्तकं चाळली. कळलं ते असं की संगणकाच्या पोटात बसवून दिलेला तो स्वस्तातला मोडेम अर्धाच मोडेम असतो. उरलेलं अर्धं काम तो दुकानदाराच्या त्या नेहमीच्या सिस्टिमकडून करून घेतो. "म्हनजे घरजावई," चाचा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बसने अकोल्याला जाऊन जुन्या बाजारातून बाहेरचा, स्वतंत्र डब्यातला मोडेम घेऊन आले. त्याला तोंडावर लाल दिव्यांची एक रांग होती. दुकानदाराने तो लावून दाखवला होता. घरी आणून चाचांनीही एकदा लावला, दिवे लुकलुकले, चाचींनी कौतुकाने पाहिले. मग चाचांनी त्याच्या जाळीत फुंकर मारून तो फोनशेजारच्या कोनाड्यात ठेवला.

आमच्याकडे तेव्हा सकाळी अकरा ते दुपारी तीन वीज नसे. म्हणून सातला बसायचं, सिस्टिम टाकायची, दीड तासाने तो चाचपणीचा टप्पा यायचा आणि पडद्यावर अक्षरं उमटायची की मोडेम मिळाला नाही. मी टेबलाशी, कोनाड्याकडे पाठ करून. चाचा माझ्यामागे, फोनजवळ. चाची भिंतीकडेच्या बाजेवर, तांदूळ निवडत. मी केबल बदलली, तिचं मोडेमकडचं टोक चाचांनी खोचलं. संगणकामागे केबल खोचायच्या दोन जागा होत्या. एका जागेची दुसरीत घातली. मोडेमचा पत्ता हाताने लिहून दिला. काही उपयोग नाही. चाचा दर खेपेला सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करायला लावत, कारण दुरुस्ती नेहमी पहिल्या खांबापासून करायची असते. प्रत्येक खेपेची नोंद त्यांच्या वहीत होई: 'मोडेम मिळाला नाही. केबल बदलली.' 'मोडेम मिळाला नाही. जागा बदलली.' एकदा 'मोडेम मिळाला नाही. सरांचा मूड बरोबर नाही.'

आणि दर खेपेला मी न चुकता विचारत होतो, "चाचा, मोडेम चालू आहे ना?"

"चालू हाय. फर्स क्लास."

मधल्या शुक्रवारी मी तिथे असताना मस्कतचा फोन आला. चाचा नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे होते. "डॉक्टरीन काय म्हन्ते?" असं त्यांनी एकदा विचारलेलं मी ऐकलं. मग नुसतंच ऐकत राहिले. फुंकर मारून फोन ठेवला आणि पाटी घेऊन बराच वेळ बसले. लिहिलं इतकंच: 'तब्येत ठीक.' जावयाची ओळसुद्धा नव्हती. चाचींनी पाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "सर, तो डबा लौकर बोलता करा. माह्या पोरीचं काईतरी हाय, अन् हे मले सांगून नाई राहिले." मी चाचांकडे पाहिलं. ते कोनाड्यातल्या वायरीची गाठ सोडवत होते.

त्या दिवसापासून मला त्या मोडेमची लाज वाटू लागली. मी अमरावतीच्या एका मित्राला विचारून आलो, कॉलेजातून एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि माझ्या शिक्षणाचा पाया कच्चा आहे हे स्वतःशी कबूल केलं. बाराव्या खेपेला तो टप्पा जवळ आला तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं, चाचांनी नेहमीसारखं उत्तर दिलं. तेवढ्यात बाजेवरून चाची मोठ्याने म्हणाल्या, "त्या डब्याचे डोये कावून मिटून हाय? अकोल्याहून आला तवा त पटपट उघडझाप करून राहिला होता."

मी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. दिव्यांच्या रांगेत एकही दिवा लागलेला नव्हता.

"चाचा," मी म्हणालो, "मोडेम चालू आहे म्हणाला होतात."

"चालूच हाय," चाचा म्हणाले. "बंद करून ठेवला हाय."

मग हळूहळू उलगडा झाला. चालू म्हणजे ज्यात दोष नाही असं यंत्र. ते बटण दाबून लावलं की सुरू होतं. चालू वेगळं, सुरू वेगळं. तालुक्यातल्या शेकडो कापलेल्या फोनना त्यांनी वहीत 'चालू' लिहिलं होतं ते याच अर्थाने. आणि लाइन तपासताना पुढचं यंत्र बंद ठेवायचं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. नाहीतर मध्येच कुणी रिंग दिली तर तारेवरच्या माणसाला झटका बसतो. संगणक तपासणी करतो आहे म्हटल्यावर ते दर खेपेला उठून, जबाबदारीने, मोडेमचं बटण बंद असल्याची खात्री करून घेत होते. बारा वेळा संगणकाने हाक मारली होती आणि बारा वेळा आम्ही मोडेमच्या तोंडावर हात ठेवला होता. "सुरू करा," मी म्हणालो. त्यांनी बटण दाबलं. मी चाचपणी पुन्हा करायला लावली. तीन सेकंदांत मोडेम सापडला.

चाचांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी वहीत 'मोडेम मिळाला' लिहून खाली रेघ ओढली. बाकीची सिस्टिम बसेपर्यंत साडेदहा वाजले. मग नंबर फिरू लागला, मोडेमने ती किंचाळी आणि खरखर सुरू केली आणि चाचा कोनाड्याला कान लावून डोळे मिटून उभे राहिले. "उचलला," ते म्हणाले. "आता घासाघीस करून राहिले दोघं. हां, जमलं." चाचींना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्या तांदळाचं ताट बाजूला ठेवून दिवे बघत होत्या. मी ईमेलचं पान उघडून देऊन टेबलावरून उठलो. लेकीचं पत्र येऊन पडलेलं होतं.

तेव्हाच्या त्या लाइनवर एक कागदाचा फोटो उतरायला अर्धा तास लागे. वरून खाली, एकेक पट्टी. आधी कागदाची कड आली, मग 'प्यारी अम्मी' आलं आणि चाचींनी पदराने पडदा पुसला. मग ओळीमागून ओळ येऊ लागली आणि चाची ती आली की मोठ्याने वाचू लागल्या. त्यांचा वाचनाचा वेग आणि तारेचा वेग अगदी एक होता. तिथलं ऊन, वरच्या मजल्यावरची केरळची शेजारीण, जावयाने केलेली भाजी. मग ओळ आली: 'अब्बूने तुला सांगितलंच असेल की मी सोळा दिवसांपासून दवाखान्यात आहे.' चाची थांबल्या. पुढची अर्धी ओळ आली: 'डॉक्टरीणबाई म्हणतात की' आणि अकरा वाजले. वीज गेली.

काळ्या पडद्यासमोर चाची तशाच बसून होत्या. "काय म्हन्ते डॉक्टरीन?" त्यांनी विचारलं. आधी पडद्याला, मग नवऱ्याला. चाचा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा खांबावर अडकलेल्या माणसासारखा झाला होता, आणि या वेळी शिडी आणणारं कुणी नव्हतं. "म्हनून त म्या हे सारं बसवलं, सर," ते म्हणाले. "मले नाई लिवता येत ते. तिचं तिनं सांगावं. लाइनमन बातमी सांगत नाई."

मी म्हणालो, "चाचा, तीनपर्यंत लाइन नाही."

त्यांनी पाटी घेतली. मी उठून जायला हवं होतं, पण दारात त्या दोघांमधून जावं लागलं असतं, म्हणून बसून राहिलो. त्यांनी पाटी भरली, चाचींनी मोठ्याने वाचली, ओल्या फडक्याने पुसली आणि परत त्यांच्या हातात दिली. त्यांनी पुन्हा भरली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. रक्तदाब वाढला होता. पायांवर सूज होती. पडूनच राहायला सांगितलं होतं, आणि गरज पडली तर बाळाला महिनाभर आधी काढणार होते. बाळाचे ठोके चांगले होते. दवाखान्यातलं जेवण बेचव होतं आणि तिला अम्मीची लसणाची चटणी आठवत होती. कुठल्या शुक्रवारी ती हसून बोलली, कुठल्या शुक्रवारी मध्येच थांबली, सगळं. तीन आठवड्यांच्या फोनमधला एक शब्दही त्या माणसाने सांडला नव्हता. शेवटची पाटी पुसून चाची म्हणाल्या, "सोया दिवस झाले. अन् तुमी मले लिवून देता, तब्येत ठीक." चाचा पाटी नसल्यासारखे तोंडानेच म्हणाले, "तुयी झोप गेली असती." चाचींनी ओठ वाचले. "माही त तशीबी गेली होती," त्या म्हणाल्या, आणि उठून चुलीकडे गेल्या. त्या दिवशी माझं जेवण तिथेच झालं.

तीनला वीज आली. चाचांनी सगळ्यात आधी मोडेम सुरू केला. पत्र पुन्हा वरून उतरू लागलं. चाची एकेक ओळ वाचत आणि म्हणत, "हे त तुमी लिवलंच." सूज, ठोके, चटणी, सगळ्याला "हे त तुमी लिवलंच." शेवटच्या ओळींशी मात्र त्यांनी पुन्हा पदराने पडदा पुसला. माझं लक्ष तिकडे गेलं. लेकीने लिहिलं होतं: 'अब्बू फोनवर काही बोलत नाहीत. पण ठेवण्याआधी अजून फुंकर मारतात. ती कानात आली की मला इथे एकटं वाटत नाही.' एवढंच चाचांनी पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

बाळ महिनाभर आधी आलं आणि सुखरूप आलं. मुलगी. त्यानंतरची कितीतरी पत्रं चाचींनी त्या टेबलाशी बसून वाचली. कनेक्शन लागलं की नाही हे त्या बाजेवरूनच दिव्यांवरून ओळखत आणि चाचांच्या कानाच्या आधी सांगत. पुढे माझी अमरावतीला बदली झाली. जाणं-येणं कमी होत गेलं.

मागे दर्यापूरला गेलो होतो. चाची जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. चाचांच्या हातात लेकीने पाठवलेला मोबाइल होता आणि त्यावर नातीशी बोलून झालं की ते अजून फुंकर मारत होते. फोनची जुनी तार त्यांनी स्वतःच काढून खात्याला परत केली होती. त्याची नोंद घरच्या वहीत होती, मला दाखवली. नेहमीचीच. संगणक कुणा शाळेला देऊन टाकला होता. मोडेम मात्र कोनाड्यात तसाच होता. त्याला ना संगणक जोडलेला, ना फोन, पण दिव्यांच्या रांगेतला पहिला दिवा लागलेला होता.

मला राहवलं नाही. विचारलं, "चाचा, हा चालू आहे?"

"चालू हाय," ते म्हणाले. "अन् सुरूबी हाय. बंद दिसला का तुमची चाची इचारे न, डोये कावून मिटून हाय म्हून."

चहा होईपर्यंत मी भिंतीकडेच्या बाजेवर बसलो. तिथून तो दिवा खरंच सरळ डोळ्यांसमोर येतो.